वाचकांचे प्रश्न : चरईची आई, ऐरोलीचं बिऱ्हाड

प्रश्न : ताई, माझी मुलगी २४ वर्षांची आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हातापायांवर ताबा कमी. घरात वॉकर धरून चालते, बाहेर व्हीलचेअर. बी.कॉम. झाली आणि यंदा ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरीला लागली. ठरलेला रिक्षावाला रोज नेतो-आणतो, सगळं सुरळीत चाललंय. आता म्हणते, ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर ऐरोलीत भाड्याने राहणार. अंघोळीला, कपडे घालायला अजून मी लागते. पैशाचं सगळं तिचे बाबा बघतात. नातेवाईक म्हणतात, आधी तिचं कायदेशीर पालकत्व घेऊन ठेवा. आमच्यानंतर हिचं कसं होणार या विचाराने मला झोप लागत नाही, आणि हिला आत्ताच घराबाहेर पडायचंय. एवढ्याशा अंतरासाठी वेगळं बिऱ्हाड कशाला, हे तिला कसं समजावू? — एक आई, चरई, ठाणे

उत्तर : तुमचं खरं आहे, नोकरीसाठी वेगळ्या बिऱ्हाडाची काही गरज नाही. मध्ये दिघा गाव धरलं तरी ऐरोली ठाण्यापासून दुसरंच स्टेशन. तिला वेगळं राहायचंय ते वेगळं राहायचंय म्हणून. या वयात पुण्याला नाहीतर बंगळुरूला निघालेल्या पोरांकडे आपण कारणं मागत बसत नाही.

‘आमच्यानंतर कसं होणार’ आणि ‘ही आत्ताच निघाली’ या दोन काळज्या तुम्ही समोरासमोर उभ्या केल्यात. मला तर दुसरीतच पहिलीचं उत्तर दिसतं. कामाची बाई न सांगता दांडी मारणार आहे, लिफ्ट बंद पडणार आहे, घरमालक अकराव्या महिन्याला जागा खाली करा म्हणणार आहे. हे सगळं पहिल्यांदा घडेल तेव्हा आई अर्ध्या तासावर असलेली बरी, की भिंतीवरच्या फोटोत असलेली? कडू बोलले, पण झोप लागत नाही म्हणालात म्हणून बोलले.

मला लहानपणी पोलिओ झाला. एका पायात कॅलिपर, दोन्ही हातांत कुबड्या. नेरुळला एकटी राहते, बँकेतली नोकरी तिथूनच केली. त्यामुळे आता थोडं बारकाव्यात शिरते.

आधी अंघोळीचं. अंघोळीला दुसरं माणूस लागतं म्हणजे ती एकटी राहू शकत नाही, असा हिशोब तुम्ही मनात केला आहे. अमेरिकेत एड रॉबर्ट्स नावाचे गृहस्थ होऊन गेले. चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, मानेखाली जवळजवळ काही हलत नव्हतं, झोपायला लोखंडी श्वासयंत्र लागायचं. १९६२ मध्ये ते बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाले आणि विद्यापीठाच्याच रुग्णालयातल्या खोलीत राहून शिकले. तिथल्या राज्याच्या पुनर्वसन खात्याने ‘हा कामधंदा करू शकणार नाही’ असा शेरा मारून आधी मदत नाकारली होती. १९७५ मध्ये त्याच खात्याचे ते प्रमुख झाले. १९७२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी बर्कलीत स्वतंत्र जगण्याचं केंद्र काढलं, जगभरातल्या अशा केंद्रांना ते नमुना ठरलं. या माणसाला घास भरवायलाही कुणीतरी लागत असे. पण तो कुणी, केव्हा आणि कसा भरवायचा हे ते ठरवत.

तेव्हा मुलीला सकाळी दोन तास येणारी बाई शोधू द्या. ब्युरोची असो की ओळखीतून आलेली, तिच्याशी बोलणी मुलगी करेल, पगार मुलगी देईल आणि नाही पटलं तर काढेलही मुलगीच. तुम्ही मध्ये फोन करून ‘अगं, तिला गरम पाणी लागतं हं’ असं एकदा जरी सांगितलंत, तरी ती बाई तुमची झाली. मग मुलीचं ऐकायची नाही. मुलीला हे सगळं तोंडाने सांगता यायला हवं : कुठल्या काखेत हात घालून उचलायचं, पाय ताठला तर ओढायचा नाही, थोडं थांबायचं. आज हे तुमच्या हातांना ठाऊक आहे, तिला शब्दांत सांगायची वेळच आली नसेल. महिनाभर घरीच तिने सांगायचं आणि तुम्ही फक्त सांगितलं तेवढंच करायचं, असं करून बघा. जड जाईल, तिला नाही, तुम्हाला. पहिल्या बाईबरोबरच दुसरीचा नंबरही हवा, दांडीच्या दिवसासाठी.

मैत्रिणीवर हे काम टाकू नका. तिने अर्धं भाडं भरावं, रविवारी पोहे करावेत, भांडावं. रोजची अंघोळ तिच्या गळ्यात पडली की तीन महिन्यांत मैत्री आणि भाडेकरार दोन्ही संपतात.

घर बघायला जाताना मापायची टेप न्या आणि मुलीला न्या. तिला वगळून बघितलेलं घर बघितलेलं धरू नका. एजंट ‘लिफ्ट आहे मॅडम’ म्हणेल. लिफ्टपर्यंत तीन पायऱ्या आहेत हे तो सांगत नाही. उताराचा नियम एकास बारा : सहा इंच चढायला सहा फूट लांबीचा रॅम्प लागतो. तीन पायऱ्या म्हणजे साधारण दीड फूट, म्हणजे अठरा फूट रॅम्प, आणि कुठलाही सेक्रेटरी भाडेकरूसाठी पार्किंगमधली अठरा फूट जागा सोडत नाही. दुसरं माप न्हाणीघराच्या दाराचं. आपल्याकडच्या बऱ्याच इमारतींत ते दोन-सव्वादोन फूट असतं, आणि व्हीलचेअर साधारण पंचवीस इंच रुंद. तुमची मुलगी वॉकरवर आत जाऊ शकते हे तिचं नशीब, पण थकलेल्या दिवशी काय, तेही पाहा. कमोडच्या बाजूला पक्की भिंत हवी, आधाराचा दांडा पोकळ पार्टिशनमध्ये टिकत नाही. दाराची आतली कडी काढून बाहेरून उघडेल असं कुलूप बसवा. वीज गेली की जनरेटरवर लिफ्ट चालते, की नुसते जिन्यातले दिवे लागतात, हे वॉचमनला विचारा. कमिटीपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

स्वयंपाकघराबद्दल एवढंच, की गरम वस्तू घेऊन चालायचं नाही. मी सगळं ओट्यावरून सरकवते आणि चहा ओट्यापाशीच उंच स्टुलावर बसून पिते. पाहुण्यांनाही तिथेच बोलावते. तिला बसून वापरता येईल अशा टेबलावर इंडक्शन ठेवा. भाजी-पोळीचा डबा लावला तर त्यात कमीपणा नाही. ऐरोलीत धडधाकट माणसंसुद्धा डब्यावरच जगतात.

एक चावी शेजारी द्यावी लागेल. प्रत्येक मजल्यावर ‘बिचारी गं’ म्हणणाऱ्या एक काकू असतातच. त्यांचा राग येतो, पण दुपारी घरी असणाऱ्याही त्याच असतात. चावी त्यांच्याकडे ठेवावी आणि बिचारी एका कानाने ऐकावं.

पडण्याचा विषय तुम्ही लिहिला नाहीत, पण तोच तुमच्या मनात पहिला असणार. ती पडेल. जमिनीवरून कशाला धरून, कुठल्या क्रमाने उठायचं, याचा सराव फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या, नुसता चालण्याचा नको. फोन अंगावर हवा, चार्जिंगला लावलेला दुसऱ्या खोलीत नको. पावसाळ्याआधी वॉकरची रबरी बुचं बदलायची. झिजलेलं रबर ओल्या लादीवर साबणासारखं सरकतं.

आता पालकत्व. नातेवाइकांना नम्रपणे गप्प करा. काही ठरावीक अपंगत्वांसाठी सज्ञान व्यक्तीलाही पालक नेमता येतो, त्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात सेरेब्रल पाल्सी येते, म्हणून कुणीतरी ही पुडी सोडली असावी. पण पाय ताठ असणं म्हणजे निर्णय घेता न येणं नव्हे. ती पदवीधर आहे, कमावती आहे. दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे, मालमत्ता बाळगण्याचा आणि स्वतःचे पैशाचे व्यवहार बघण्याचा हक्क आहे, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय. उगाच पालक नेमून ठेवलात तर उद्या स्वतःच्याच भाडेकरारावर सही करताना तिच्यामागे प्रश्नांचं शुक्लकाष्ठ लागेल.

बाबांना सांगा, पगाराच्या खात्याचं एटीएम कार्ड आणि पासवर्ड आजच तिच्या हातात द्यायचे. चरईच्या घराचं महावितरणचं बिल पुढच्या महिन्यापासून तिने भरावं. एकदा विसरू दे. एक कामाचं : जुनी करपद्धत निवडली तर ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या कमावत्या व्यक्तीला स्वतःच्या नावावर ७५ हजारांची, आणि ८० टक्क्यांपासून पुढे सव्वा लाखाची वजावट मिळते. ती तिने घेतली की बाबांना तिच्यासाठी अवलंबित म्हणून वेगळी वजावट घेता येत नाही, तेव्हा बापलेकीने एकत्र बसून ठरवावं. राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमाही बघा. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, थेरपीचा काही खर्चही त्यात धरतात. तुमचं दोघांचं मृत्युपत्र मात्र वकिलाकडून करून घ्या, आणि त्यात काय आहे ते तिला माहीत असू द्या.

एवढं सगळं एकदम नको वाटत असेल तर आधी भाडं न भरता तालीम करता येते. गणपतीला तुम्ही दोघं पुढे गावाला जा. चरईचं घर, बाई आणि मैत्रीण तिच्यावर सोडा. रोज रात्री नऊनंतर एक फोन, तोही तिने करायचा. आणि पुढचं पत्र तिला लिहायला सांगा. तिच्या घराबद्दल तुमच्याशी एवढं बोलले, तिचं म्हणणं अजून ऐकलेलंच नाही.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा, बौद्धिक अपंगत्व आहे. आम्ही खारघरला राहतो. बँकेने खात्यासाठी पालकत्वाचं प्रमाणपत्र मागितलं. ठाण्याला कुणाकडे जायचं? बाबा म्हणतात, पुढचं कोण बघणार, तूच पालक हो. — एक भाऊ, खारघर

उत्तर : ठाण्याला जाऊ नका, हेलपाटा पडेल. बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा, खारघर रायगडमध्ये. तुमचं जिल्हाधिकारी कार्यालय अलिबागला. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली तिथे स्थानिक स्तर समिती असते : जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती. पालक नेमण्याचा अर्ज त्यांच्यापुढे जातो. भावाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), जन्मदाखला आणि आधार आधी नीट जुळवून घ्या. नावातल्या एका वेलांटीवरून अर्ज परत येतात.

सही करण्याआधी एक जाणून घ्या. पालक झालात की सहा महिन्यांत भावाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते आणि पुढे दरवर्षी जमाखर्च. आई-बाबा आहेत तोवर त्यांनी व्हावं, तुमचं नाव पुढे येईलच. तुमचं लग्न ठरत असेल तर होणाऱ्या बायकोला हे आत्ताच सांगा.

खातं उघडल्यावर बँकेत जाताना त्याला बरोबर न्या. पैसे भरायची स्लिप त्याला भरता येत नसेल, पण खिडकीत नोटा द्यायला आणि शिक्का मारलेली पावती घ्यायला तो शिकेल. पासबुक त्याच्या खणात ठेवा.