बुडी, डुबकी आणि हेमचंद्राचा 'बुड्ड'

नागपूरच्या एका संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीने विचारलंय : सील या समुद्री प्राण्याच्या 'डाइव्ह'च्या नोंदींचं विश्लेषण मराठीत लिहिताना 'बुडण्याचा सरासरी कालावधी' चालेल का? मार्गदर्शक 'निमज्जन' सुचवतात. 'डुबकी' हिंदी, म्हणून नको म्हणतात. आणि लागोपाठच्या डाइव्हच्या गटाला, 'बाउट'ला, काय म्हणावं?

'बुडणं' अजिबात नको. अंबाझरी तलावात कुणी बुडाला म्हटलं की काळजात धस्स होतं. तरी 'देवमासा इतके मीटर बुडाला' हे कानावर येतच राहतं! क्यूव्हिएचा चोचवाला देवमासा २२२ मिनिटं पाण्याखाली राहिल्याची नोंद २०२० साली प्रसिद्ध झाली. तो वर येऊन श्वास घेता झाला, म्हणजे त्याने बुडी मारली. बुडालेलं कर्जसुद्धा परत येत नाही.

'निमज्जन'ही नको. हैदराबादेत गणपतीच्या विसर्जनाला 'निमज्जनम' म्हणतात. तिथे मूर्ती परत वर यायची नसते.

पण 'डुबकी' परकी? बाराव्या शतकात जैन आचार्य हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात संस्कृत 'मस्ज्' (बुडणं) धातूच्या जागी येणारी चार रूपं दिली : आउड्ड, णिउड्ड, बुड्ड, खुप्प. 'बुड्ड' आपण 'बुडणं'मध्ये जसाच्या तसा जपला. ब्रज-अवधीतही 'बूड़ना' आहेच. आजच्या हिंदीचा पाया असलेल्या खडी बोलीत ब आणि ड यांनी जागा बदलल्या नि 'डूबना' झालं. म्हणजे बुडी आणि डुबकी एकाच आईच्या लेकी, एकीची अक्षरं उलटलेली एवढंच! हा वर्णविपर्यय ज्यांना दिसत नाही त्यांनी शुद्धीकरणाच्या गोष्टी करू नयेत. आणि चौथा 'खुप्प'? काटा खुपतो तो आत शिरतो म्हणूनच. आपलं 'खुपणं' तिथलंच, असं माझं ठाम मत आहे. एका सूत्रातले दोन धातू आपण रोज बोलतो, आणि संस्कृतातून 'निमज्जन' उसनं आणायला निघतो!

हां, बाउट. त्याला 'झड' म्हणा. विदर्भात पावसाची झड लागते तेव्हा मध्ये दहा मिनिटं उघडलं तरी झड मोडली असं कुणी म्हणत नाही. सीलचंही तसंच. दोन बुड्यांमधला पृष्ठभागावरचा वेळ घ्या, अशा प्रत्येक वेळेहून लांब विश्रांती किती वेळा झाली ते लॉग-आलेखावर (मोजणीच्या लॉगरिदमच्या आलेखावर) मांडा. रेषेचा उतार जिथे झटकन मंदावतो, त्याहून लांब विश्रांती झाली की झड मोडली.