वाचक विचारतात : ऑनलाइन सातबारा आणि जुना कागद

प्रश्न : वडिलांकडच्या हस्तलिखित सातबाऱ्यावर आमचे क्षेत्र १ हेक्टर ८१ आर आहे, ऑनलाइन उताऱ्यावर मात्र १ हेक्टर १८ आर दिसते. दुरुस्ती कशी करून घ्यावी?

उत्तर : आधी चूक कुठली ते ठरवा. संगणकात टंकताना आकडे उलटे पडले, की एखाद्या फेरफाराने, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीने, क्षेत्र खरोखरच कमी झाले? तहसीलच्या अभिलेख कक्षातून संगणकीकरणापूर्वीच्या शेवटच्या हस्तलिखित सातबाऱ्याची प्रमाणित नक्कल काढा. त्यावर गोल केलेले आकडे म्हणजे फेरफार क्रमांक. त्यांचे उतारे, म्हणजे गाव नमुना ६, सोबत घ्या. भूमी अभिलेख कार्यालयातून आकारबंदाची, म्हणजे मोजणीनुसार गटाचे क्षेत्र दाखवणाऱ्या नोंदीची, नक्कलही मागा. गटातल्या सगळ्या खातेदारांची बेरीज, पोटखराब्यासह (लागवडीला अयोग्य जमिनीसह), आकारबंदापेक्षा नेमकी ६३ आर कमी भरली आणि मधल्या काळात क्षेत्र घटवणारा फेरफार नसला, तर ती टंकलेखनाचीच चूक.

मग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १५५खाली तहसीलदारांकडे अर्ज करा, नकला जोडा आणि पोच घ्या. या कलमाने लेखनप्रमाद किंवा सर्व हितसंबंधितांना मान्य असलेली चूक सुधारते. भावाभावांत हिश्शाचा वाद असेल, तर हा अर्ज टिकणार नाही. तलाठ्याला तोंडी सांगून आकडा बदलत नाही, कारण दुरुस्तीला आदेश लागतो. एकर-गुंठ्यांचे रूपांतरही एकदा तपासा : ४० गुंठे म्हणजे ४०.४७ आर. गुंठ्यांचाच आकडा आर म्हणून चढला, तर एकरामागे जवळपास अर्धा आर कमी होतो.

प्रश्न : खरेदीखत नोंदवून दीड महिना झाला. दुय्यम निबंधकांचे कार्यालय तहसीलशी जोडले आहे म्हणतात, मग नाव का लागत नाही?

उत्तर : दस्ताची माहिती ई-फेरफार प्रणालीत आपोआप पोहोचते, नाव नाही. तलाठी नोटीस काढतो, हरकतीसाठी १५ दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नोंद अडते ती बहुधा तपशील न जुळल्याने : दस्तात गट ‘४५/१अ’ आणि सातबाऱ्यावर ‘४५/१/अ’, किंवा खाते सामाईक असताना एकट्याने लिहून दिलेले खत. ‘आपली चावडी’ या महसूल विभागाच्या ऑनलाइन सूचना फलकावर गाव निवडून फेरफाराची स्थिती पाहा. तिथे तुमचा क्रमांकच नसेल, तर सूची दोनची (नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची) प्रत घेऊन तलाठ्याकडे जा. हरकत आली असेल, तर सुनावणीची तारीख चुकवू नका.