बुडापेस्टचं दोहानी रस्त्यावरचं सिनेगॉग मशिदीसारखं का दिसतं?

सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. हे सिनेगॉग पाहून इथे आधी मशीद असावी असं वाटू शकतं, पण ती इमारत आधी मशीद नव्हती. ती सिनेगॉग म्हणूनच 1854 ते 1859 या काळात बांधली गेली आणि तिचं मूरिश रूप, म्हणजे मध्ययुगीन स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतल्या मुस्लिम इमारतींसारखं रूप, वास्तुकार लुडविग फोर्स्टर यांनी जाणीवपूर्वक निवडलं. त्यांचं म्हणणं असं की ज्यूंची स्वतःची अशी वेगळी वास्तुशैली दाखवता येत नाही, म्हणून त्यांच्याशी नातं असलेल्या पूर्वेकडच्या लोकांची, विशेषतः अरबांची, शैली घ्यावी. कांद्याच्या आकाराचे घुमट असलेले दोन उंच मनोरे, लाल-पिवळ्या विटांचे पट्टे, भिंतीभर भौमितिक नक्षी हे सगळं त्यातूनच आलं. यामागे स्पेनची आठवणही होती: तोलेदोमधली मध्ययुगीन सिनेगॉग घोड्याच्या नालेसारख्या कमानींनी आणि चुन्याच्या कोरीव कामाने सजलेली आहेत. आत गेलात तर मात्र मांडणी चर्चची वाटते, आणि मला ही गोष्ट बाहेरच्या घुमटांपेक्षा जास्त बोलकी वाटते. लांबट सभागृह, ऑर्गन, आणि तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) वाचण्याचा चौथरा परंपरेप्रमाणे मधोमध नाही, तर पुढे, तोरा ठेवण्याच्या कपाटाजवळ. शहरात बरोबरीचं स्थान मागणाऱ्या सुधारणावादी ज्यू समाजाची ही निवड होती. बायकांसाठी वर सज्जे मात्र ठेवलेच.

पण यावरून युरोपातली सगळी सिनेगॉग अशीच असतात असं समजू नका. मूरिश शैलीची ही लाट मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली. बर्लिन आणि फ्लोरेन्समध्येही ती दिसते. प्रागचं तेराव्या शतकातलं ‘जुनं-नवं सिनेगॉग’ मात्र सरळ गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपी चर्चच्या शैलीतलं, आहे.