खुर्चीसमोरचा माणूस

तुझी पटकथा काल रात्री दोनदा वाचली आणि सोबतचं पत्र तीनदा. तुला वाटतं सत्तेबद्दल जे सांगायचं ते पटकथेत आलंय आणि पत्रात नुसती अडचण लिहिलीय. मला नेमकं उलटं दिसलं, म्हणून आज कामं बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

तू लिहितोस, "ताई, मला माझा अण्णासाहेब आवडायला लागलाय. मित्रांना वाचून दाखवलं तर त्यांनी त्याच्याच संवादांना टाळ्या दिल्या. मी सत्तेविरुद्ध लिहायला बसलो आणि सत्तेचीच जाहिरात झाली का?" गोंधळ खरा आहे, पण तू उपाय भलतीकडेच शोधतोयस. अण्णासाहेब आणखी काळा करू का, शेवटी त्याला जेलात घालू का, त्याच्या तोंडी एखादी शिवी घालू का, असं विचारतोस. अरे, आवडला तर आवडू दे! सत्ता गोड नसती तर माणसं सकाळी आठपासून तिच्या ओसरीवर ताटकळली असती का?

'सामना' पाहिलाय म्हणतोस. पुन्हा बघ, आणि या खेपेला हिंदूरावाकडे बघू नकोस. निळू फुल्यांचा हिंदूराव धोंडे-पाटील आपल्याला आवडतोच. साखर कारखाना त्याच्या मुठीत, गाव त्याच्या मुठीत, तरी बोलतो कसा, तर दूध उतू न जाऊ देता तापवावं तसा. रस्त्यावरच्या एका दारुड्या म्हाताऱ्याला तो घरी आणतो, खाऊपिऊ घालतो. श्रीराम लागूंचा मास्तर त्या पाहुणचारात रमतोही. तेंदुलकरांनी आणि जब्बार पटेलांनी यातलं काही झाकलेलं नाही. १९७५ साली हा चित्रपट बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. तिथल्या प्रेक्षकांना आपली सहकार चळवळ काय ठाऊक असणार? पण एक माणूस गावातून नाहीसा झालाय आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, हे कुठल्याही देशात कळतं. 'मारुती कांबळेचं काय झालं?' या एका प्रश्नाने हिंदूरावाचा सगळा गोडवा नासतो. त्या प्रश्नानंतर माणसं कशी गप्प होतात, नजर कुठे वळवतात, ते बघ. तिथे दिसते सत्ता.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हापुन्हा सांगणार आहे. खुर्चीत बसलेल्या माणसात सत्ता शोधू नकोस. ती खुर्चीसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगात दिसते. त्याच्या खांद्यात, हातात, तो किती वेळ उभा राहतो यात.

हे मला आधीपासून कळत होतं असं समजू नकोस. १९८९च्या सुमारास मी धरणग्रस्तांवरच्या एका माहितीपटाचं संकलन करत होते. सोळा मिलिमीटरची फिल्म, स्टीनबेक या संकलनाच्या यंत्रावर काम. रशेसमध्ये, म्हणजे न कापलेल्या चित्रीकरणात, एक शॉट आला. पुनर्वसनाची कचेरी, साहेब टेबलामागे फोनवर बोलतोय आणि समोर एक शेतकरी उभा आहे. शेजारी खुर्ची रिकामी. टोपी काढून हातात धरलेली. एकदा तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतो. साहेब नुसती मान वर करतो आणि हात मागे येतो. मग तो डाव्या पायाच्या अंगठ्याने उजव्या पायाची बोटं दाबत राहतो. फोन संपत नाही. चाळीस सेकंद.

निर्माते म्हणाले, यात काही घडतच नाही, त्याऐवजी मोर्च्यातलं भाषण घ्या. मी तिशीही गाठली नव्हती, काम हवं होतं, मी तो शॉट काढला. भाषण घातलं. भाषण चांगलंच होतं. आज त्यातला एक शब्द आठवत नाही, तो अंगठा मात्र रोज आठवतो. उरलेल्या फिल्मचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही. त्या माणसाचं नावही विचारलं नाही. त्याला कचेरीत साहेबाने उभं ठेवलं होतं आणि संकलनाच्या खोलीत मी त्याला बाहेर काढलं. हे मी तुला सांगतेय कारण तुझ्या पटकथेत तू अगदी हेच करतोयस, आणि तुझ्यावर तर कुणा निर्मात्याची सक्तीही नाही.

काय लिहिलंयस बघ. पांढऱ्या गाड्यांचा ताफा, ड्रोनने वरून. अण्णासाहेबाच्या बोटातल्या अंगठ्या, क्लोजअप. जिन्यावरून उतरतो, स्लो मोशन. कॅमेराच त्याच्या पाया पडतोय, मग मित्र टाळ्या नाही तर काय वाजवणार? दोष अण्णासाहेबाच्या संवादांत नाही रे, कॅमेरा कुठे उभा केलास त्यात आहे.

'फँड्री'मधली डुक्कर पकडण्याची जागा तुला पाठ असेल. कचरूचं कुटुंब डुकरामागे धावतंय, गाव बघत हसतंय, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो. सगळे थांबतात, ताठ उभे राहतात आणि हातातोंडाशी आलेलं डुक्कर निसटतं. तिथे हुकूम द्यायला कुणी पाटील नाही, हवालदार नाही. नागराज मंजुळ्यांना खुर्ची दाखवावीच लागली नाही, उभं राहिलेलं कुटुंब पुरलं. अशा जागेसाठी मी माझी सगळी कारकीर्द देऊन टाकेन.

आणि 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेंचा कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलत नाही. गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली ती तुझ्या गाण्यामुळे, असा आरोप ठेवून एका लोकशाहिराला आत टाकलंय. पण मला त्या खटल्याइतकीच एक छोटी जागा लागते. एका बाईने बिनबाह्यांचा पोशाख घातलाय म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण ऐकतच नाहीत, पुढची तारीख देतात. आवाज चढत नाही, टेबलावर हात आपटत नाही. ती बाई आली तशी परत जाते. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णींना आपण आधी कोर्टात बघतो आणि मग लोकलमध्ये, मग घरी स्वयंपाक करताना, वाढताना. कोर्टात खुर्चीच्या बाजूची, घरी ओट्यापाशी उभी. एकाच दिवसात एकच माणूस दोन्हीकडे असतो. तुझा अण्णासाहेब कुणासमोर उभा राहतो, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस. त्यालाही मुंबईला जावं लागत असेल, तोही कुणाच्या तरी बंगल्यावर चहा थंड होईपर्यंत बसत असेल.

'सिंहासन'मध्ये मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी, सगळ्यांचे डाव रंगतात. लोक अजून त्या डावांबद्दल बोलतात. मला दिगू टिपणीस दिसतो. हिंदूराव झालेले निळू फुलेच १९७९ साली पत्रकार होऊन सगळ्यांच्या दारी जातात, सगळं बघतात आणि शेवटी रस्त्यावर वेड्यासारखे हसत सुटतात. तेच डोळे, तोच आवाज, पण आता खुर्चीच्या समोरच्या बाजूला. हे दोन्ही चित्रपट लागोपाठच्या दोन रात्री बघ आणि फक्त त्यांच्या खांद्यांकडे लक्ष ठेव.

माझ्याबद्दल तुझ्या कानावर आलं असेलच की मी हेकट आहे. त्या माहितीपटानंतर मी असा शॉट कापायला नकार देऊ लागले. त्यापायी दोन चित्रपट हातचे गेले, एका मालिकेतून पाचव्या दिवशी निरोप मिळाला. एका दिग्दर्शकाला मी चारचौघांत सांगितलं की तुला नायकाच्या चेहऱ्यापलीकडे काही दिसत नाही. तसं बोलायला नको होतं. पण म्हणणं चूक नव्हतं, आजही नाही. मग काही वर्षं मी लग्नांच्या व्हिडिओंचं संकलन करून घर चालवलं. त्याची खंत नाही मला. वरपक्ष पंगतीला बसलाय आणि मुलीचा बाप हात जोडून पानापानाशी वाकतोय, 'सावकाश होऊ द्या' म्हणतोय, हे मी शेकडो कॅसेटींत पाहिलं. तो बाप मी कधी कापला नाही. एकदा वरपक्षाने तक्रार केली की पंगतीची लांबण फार झाली. होऊ दे. माझ्या हातात जेवढं होतं तेवढं मी राखलं, आणि ज्यांनी मला काम दिलं नाही त्यांच्यापाशी ते राखलं गेलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

असो. तुझ्या पटकथेचं सातवं पान काढ. 'रंगनाथ ओसरीखाली चपला काढतो आणि उभा राहतो. अण्णासाहेब पेपर वाचत आहेत.' दोन वाक्यं. त्यानंतर लगेच अण्णासाहेब बोलायला लागतो आणि दोन पानं थांबत नाही. रंगनाथ किती वेळ उभा आहे? पेपर घडी घालून ठेवला जाईपर्यंत तो कुठे बघतो? चपला काढायला त्याला कुणी सांगितलं होतं का? तुलाच ठाऊक नाही, कारण तू त्याच्याकडे पाहिलंच नाहीस. अण्णासाहेबाने जसं पाहिलं नाही, तसंच.

आणि मग तुझं पत्र. चौथ्या परिच्छेदात, सहज आल्यासारखं, तू लिहितोस की वडील प्राथमिक शिक्षक, त्यांच्या बदलीसाठी तूही सोबत एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर गेला होतास, आणि 'बाबा तिथे ज्या पद्धतीने हसत होते ते मला आवडलं नाही.' एवढं लिहून तू लगेच ड्रोनच्या भाड्याकडे वळलास.

ड्रोनचं राहू दे. बाबा त्या दिवशी नेमके कोणत्या बोलण्यावर हसले, ते लिही. अर्जाची घडी त्यांनी हातात धरली होती की खिशात ठेवली होती? त्यांना बसा म्हटलं का, आणि म्हटलं असेल तर ते पूर्ण टेकले की खुर्चीच्या कडेवर? तू कुठे होतास? तूही हसलास का? परतताना एसटीत तुम्ही दोघं काय बोललात? दोन पानं पुरेत. अण्णासाहेबाचा एकही संवाद त्यात नको. रविवारपर्यंत पाठव, मी घरीच आहे.