ऊती की ऊतक? आणि मग 'पेशी' म्हणजे नेमकं काय?

नागपूरच्या महाल भागातल्या एका ताईंनी विचारलं आहे: मुलगी मराठी माध्यमात नववीला, तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'ऊती', म्हणजे इंग्रजीतलं टिश्यू. शेजारची मैत्रीण हिंदी माध्यमात, तिच्याकडे 'ऊतक'. दोघी सोबत अभ्यासाला बसल्या की वाद ठरलेला. खरा शब्द कोणता, आणि दुधाला येतो त्या ऊताशी याचं काही नातं आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं, नाही. दुधाचा ऊत उतू जाण्यातला. ऊती आली 'वे' या संस्कृत धातूवरून, अर्थ विणणे. 'ओतप्रोत'मधला 'ओत' तिथलाच. युरोपातही कल्पना तीच: फ्रेंच 'तिस्यू' म्हणजे विणलेलं कापड. फ्रेंच शरीररचनाकार बिशा यांनी 1801 साली शरीरातल्या ऊतींचे 21 प्रकार सांगितले, तेही सूक्ष्मदर्शकाला हात न लावता. पुढे त्यांचे मुख्य प्रकार चारच धरले गेले.

ऊतक मात्र हिंदीचं म्हणून हाकलू नका. मराठी विश्वकोशातही 'ऊतक' आणि (पेशीसाठी) 'कोशिका' हे शब्द भरपूर सापडतात. शाळेच्या पुस्तकांनी ऊती आणि पेशी रुळवले, म्हणून तेच आपले वाटतात. मुलीनं परीक्षेत ऊतीच लिहावं. शब्द स्त्रीलिंगी: ती ऊती, त्या ऊती.

माझ्या मते खरी भानगड पेशीची आहे. मराठी पुस्तकात पेशी म्हणजे सजीवाचा सर्वांत लहान घटक, आणि एकाच कामाला जुंपलेल्या, सारख्या घडणीच्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. पण नागपुरात जिममधला पोरगा 'मांसपेशी' बनवतो, कोर्टात 'पेशी' म्हणजे तारीख असते, आणि डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी 'पेशी कमी झाल्या' ऐकू येतं. तिथे बहुतेक वेळा म्हणायचं असतं प्लेटलेट्स, आणि त्या तर पूर्ण पेशीही नाहीत, मोठ्या पेशींचे तुकडे आहेत. मांसपेशीवाल्याला हसू नये. सुश्रुतसंहितेत 500 पेशी मोजल्या आहेत त्या मांसाच्याच. तिथले 900 'स्नायू' मात्र बांधून ठेवणारे दोर. तोच स्नायू मराठीत मांसाचा झाला आणि हिंदीत मज्जातंतूचा! दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचणाऱ्या पोरींनी ऊतकापेक्षा या शब्दाला जपावं.

चार प्रकार पाठ करण्यापेक्षा मटणाच्या दुकानात बघावेत. (शाकाहाऱ्यांनी हा परिच्छेद ओलांडावा.) बोटी, म्हणजे मांसाचा तुकडा, शिजल्यावर बोटांनी सोडवली की उभे धागे निघतात, ती स्नायू ऊती, आपल्या मर्जीनं हलणारी, ऐच्छिक. वजडीच्या, म्हणजे जनावराच्या पोटाच्या, भिंतीतली स्नायू ऊती अनैच्छिक, अन्न घुसळताना ती कोणाला विचारत नाही. हृदयाची तिसरी, न थकता आकुंचन पावणारी. वजडीचं आतलं अस्तर ही अभिस्तर ऊती. हिच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात आणि हिच्यात रक्तवाहिन्या नसतात. झाकणं, शोषणं, पाझरणं ही तिची कामं. आपल्या लहान आतड्याचं असं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. भेजा म्हणजे चेता ऊती, निरोप नेणारी. माणसाच्या कमरेतून पायाच्या बोटापर्यंत जाणारा तिचा एकेक तंतू मीटरभर लांब असू शकतो.

उरलेलं जवळपास सगळं संयोजी, म्हणजे जोडणारी ऊती. बोटीवरचं पांढरं पातळ आवरण, चरबी, नळीचं हाड, दाताखाली कुरकुरणारी कूर्चा, पायातले चिवट दोर. चरबी सोडली तर यांत पेशी विरळ आणि त्यांच्यामधला भराव जास्त. हाडात तो चुन्याच्या क्षारांनी टणक झालेला, कूर्चेत लवचीक. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून गुडघ्याची कूर्चा झिजली की भरून यायची मारामार. त्या दोरांतलं कोलॅजेन मंद आचेवर जिलेटिन होतं, पायाचा रस्सा ओठांना चिकटतो तो त्यामुळे. सावजी रस्सा नागपूरला दिला हलबा कोष्ट्यांनी, विणणाऱ्यांनी, हा योगायोग मला फार आवडतो.

रक्तही संयोजी ऊतीच, आणि इथे विणण्याचा अर्थ पार फसतो. त्यातला भराव पातळ आहे, रक्तद्रव, म्हणून ते वाहतं. शब्द व्युत्पत्तीला बांधील नसतो, एवढंच.

जाता जाता शुद्धलेखन: सुटा शब्द 'ऊती', शेवटी दीर्घ. समासात 'ऊतिसंवर्धन' (टिश्यू कल्चर), 'ऊतिशास्त्र', तिथे ऱ्हस्व. केळीच्या रोपांच्या पाट्यांवर दिसणारं 'उती' मात्र चूक, पहिला ऊ दोन्हीकडे दीर्घच.