पॉवर क्वेरीत पावसाच्या तारखा का चुकतात

आपण लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील महसूल मंडळांच्या पावसाच्या नोंदी पॉवर क्वेरीत (एक्सेल आणि पॉवर बीआयमधील माहिती जोडण्याच्या साधनात) एकत्र केल्या असून, जुलैतील काही नोंदी मे महिन्यात गेल्याचे आणि स्वयंचलित यंत्राची रोजची बेरीज तहसीलच्या नोंदवहीशी जुळत नसल्याचे लिहिले आहे. ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत.

पहिल्याचा उपाय सोपा आहे. फाईल जोडताच पॉवर क्वेरी सहसा आपणहून ‘चेंज्ड टाइप’ ही स्तंभाचा प्रकार (तारीख, संख्या, मजकूर) ठरवणारी पायरी घालते, आणि फाईलची प्रादेशिक निवड अमेरिकी असेल तर ०५/०७ ही ५ जुलैची नोंद ७ मे होते. १७/०९ वर निदान त्रुटी तरी दिसते; वर्षातील १३२ तारखा मात्र काहीही सूचना न देता उलटतात. ती पायरी काढून टाकावी, स्तंभ मजकूर म्हणूनच ठेवावा आणि ‘यूझिंग लोकेल’ वापरून इंग्रजी–भारत ही निवड स्पष्ट द्यावी. सीएसव्ही फाईल मध्येच कोणी एक्सेलमध्ये उघडून जतन केली असेल, तर मूळ फाईल पुन्हा मागवणेच बरे.

दुसऱ्या दुखण्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे मला कळकळीने वाटते. नोंदवहीतील पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. आदल्या दिवशी सकाळी ८.३० पासून त्या दिवशी सकाळी ८.३० पर्यंतचा पाऊस त्या दिवसाच्या नावे लिहिला जातो. आपल्या यंत्राची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आहे, ती भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते. साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ येते, आणि आणखी साडेपंधरा तास मिळवले की सकाळचे ८.३० मध्यरात्रीवर येतात. म्हणून यूटीसी वेळेत २१ तास मिळवावेत आणि मगच त्यातून तारीख काढावी. दर पंधरा मिनिटांच्या नोंदीवर त्या अवधीच्या शेवटची वेळ असेल, तर आधी एक सेकंद वजा करावा, नाहीतर बरोबर ८.३० ची नोंद पुढच्या दिवसात जाते. मराठवाड्यात रात्रभर चालणारा पाऊस मध्यरात्री दोन तुकड्यांत कापला गेला, तर ६५ मिलिमीटरची अतिवृष्टीची मर्यादा ओलांडलेले मंडळही तक्त्यात त्याखाली दिसू शकते, आणि त्याच आकड्यांवर शेतकऱ्यांचे पंचनामे अवलंबून असतात.

भारतीय वेळ वेगळ्या स्तंभात हवी असल्यास ‘टू लोकल’ हे फंक्शन टाळून ‘स्विच झोन’ या फंक्शनमध्ये ५ तास ३० मिनिटे स्वतः द्यावीत, कारण पॉवर बीआय या अहवाल-साधनाच्या क्लाउडवर स्थानिक वेळ म्हणजे यूटीसीच धरली जाते.