एच-१बी व्हिसावर असताना नोकरी गेली, तर अमेरिकेत किती दिवस थांबता येतं?

जास्तीत जास्त ६० दिवस. पण आय-९४ची, म्हणजे अमेरिकेत कोणत्या तारखेपर्यंत राहता येईल हे सांगणाऱ्या प्रवेशनोंदीची, मुदत त्याआधी संपत असेल, तर तीच तारीख धरायची. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्यावर विसंबू नका, आजच आय-९४ काढून बघा.

घोळ होतो तो मोजणीत. हे दिवस नोकरी संपल्यापासून मोजतात, म्हणजे साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. कंपनीने नंतर भरपाई म्हणून दोन-तीन महिन्यांचे पैसे दिले, तरी मुदत वाढत नाही.

या काळात नुसती ऑफर हातात येऊन भागत नाही. नव्या कंपनीचा एच-१बी अर्ज मुदतीच्या आत दाखल व्हायला हवा. तो दाखल झाला की मंजुरीआधीही तिथे काम सुरू करता येतं. एच-१बीच्या वार्षिक कोट्यात एकदा मोजले गेला असाल, तर उरलेल्या काळासाठी पुन्हा लॉटरीतून (सोडतीतून) जावं लागत नाही. त्यामुळे मुलाखतीतच विचारा, अर्ज किती दिवसांत भराल?

जमलं नाही, तर मुदतीतच बी-२ (पर्यटक म्हणून राहण्याची परवानगी) किंवा जोडीदाराच्या व्हिसावर अवलंबून एच-४ साठी अर्ज करता येतो. बी-२वर नोकरी मात्र करता येत नाही.

आणि हो, कंपनीनेच एच-१बीची मुदत संपण्याआधी काढलं असेल, तर मायदेशी परतण्याचा तुमचा वाजवी प्रवासखर्च तिने द्यायचा असतो. संकोच न करता मागा.